अधिकार खाली सोपवणारा प्रमुख हवा

महोदय,

सार्वजनिक उपक्रम तोट्यात गेला की खापर कर्मचाऱ्यांवर आणि संघटनांवर फुटते. वरच्या खुर्चीत कोण बसले होते आणि किती दिवस, हे मात्र कोणी विचारत नाही. कोकण रेल्वेचे उदाहरण घ्या. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले तेव्हा ई. श्रीधरन प्रमुख झाले. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर, ७४१ किलोमीटरचा मार्ग. त्यांनी त्याचे सात विभाग पाडून प्रत्येक मुख्य अभियंत्याला जागेवरच निर्णय घेण्याचे अधिकार दिले. दर बारीकसारीक मंजुरीसाठी फाइल बेलापूरच्या मुख्यालयाला धाडायची नाही. पेडण्याच्या भुसभुशीत मातीतल्या बोगद्याने सगळ्यांचा घाम काढला, मुदतही हुकली; पण १९९८ मध्ये मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. श्रीधरन शिस्तीला कडक, सर्वांनाच रुचतील असे नव्हेत. तरी त्यांना सुमारे सात वर्षे सलग मिळाली, हे विसरू नये. आपल्या एसटीच्या प्रमुखांना अशी सलग मुदत आणि मोकळा हात देऊन पाहायला सरकारची हरकत काय?

– एक वाचक, चिपळूण