इंडोसुकस म्हणजे ‘भारतातला टी-रेक्स’ नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या बालपुरवणीत इंडोसुकस या मांसाहारी डायनासोरवर लेख वाचून मला मनापासून आनंद झाला. आपल्याच देशात सापडलेल्या या प्राण्याचे नाव मराठी वाचकाच्या कानावर सहसा पडत नाही. मात्र लेखाला ‘भारतातला टी-रेक्स’ असे शीर्षक होते आणि शेजारी तीन बोटांचे लांब हात पसरून उभा असलेला अख्खा प्राणी रंगवला होता. आमच्या शेजारची सातवीतली मुलगी ते चित्र कापून वहीत चिकटवून मला दाखवायला घेऊन आली. शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवल्यामुळे असेल, पण ती वही पाहिल्यावर मला गप्प बसवेना.

इंडोसुकसचे मुळात काय सापडले आहे, हे आधी सांगायला हवे. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर लमेटा नावाच्या खडकांचा थर आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स मॅटली यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे खोदकाम केले तेव्हा वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे एकाच थरात एकमेकांत मिसळून पडलेली मिळाली, म्हणजे कोणता मणका कोणत्या कवटीचा आणि कोणती मांडी कोणत्या शेपटीची हे ठरवायला काहीच आधार नव्हता. त्या ढिगातून जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन ह्युने आणि मॅटली यांनी १९३३ साली अनेक नवी नावे दिली. इंडोसुकस रॅप्टोरियस हे त्यांतलेच एक, आणि ते कवटीच्या माथ्याकडच्या तुकड्यांवरून ठरले. इंडोसॉरस आणि लीव्हिसुकस ही त्याच ढिगातून आलेली डायनासोरांची नावेही अशाच तुटपुंज्या पुराव्यावर उभी आहेत. लीव्हिसुकसच्या वाट्याला तर मोजके मणकेच आले.

एवढ्या थोड्या पुराव्यावरून कुळ ठरवताना चुका होणारच, आणि त्या झाल्या. ह्युने यांनी इंडोसुकसला ॲलोसॉरस या दुसऱ्या मांसाहारी डायनासोरच्या कुळात बसवले, तर १९६४ मध्ये तो टी-रेक्सच्या कुळातला असल्याचे मत मांडले गेले. त्या काळी ते मत अभ्यासपूर्णच होते, कारण तुलनेला दुसरे काही हाताशी नव्हते. नंतर १९८५ मध्ये अर्जेंटिनात अबेलिसॉरस आणि कार्नोटॉरस या डायनासोरांची नावे जाहीर झाली. कार्नोटॉरसचा तर जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला आणि एका वेगळ्याच मांसाहारी कुळाची ओळख पटली. त्या सांगाड्यांशेजारी जबलपूरचे तुकडे ठेवून पाहिल्यावर आपल्या इंडोसुकसचे गणगोत कळले. तो अबेलिसॉर कुळातला आहे, हे आता अभ्यासकांत सर्वमान्य आहे. आपल्या पुरवणीचे शीर्षक म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे, मागे पडलेले मत आहे.

चित्रातले हात मला अधिक खटकले. इंडोसुकसचा म्हणून खात्रीने दाखवता येईल असा हात आजवर कोणालाही सापडलेला नाही. टी-रेक्सला दोन बोटे होती. अबेलिसॉर कुळातल्या ज्या प्राण्यांचे हात मिळाले आहेत, त्यांचे हात इतके आखूड आहेत की कोपराखालचा भाग जेमतेम दिसतो, आणि बोटे चार आहेत. म्हणजे चित्रातली तीन लांब बोटे ना टी-रेक्सची, ना इंडोसुकसच्या भाऊबंदांची.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. टी-रेक्स उत्तर अमेरिकेचा. अबेलिसॉर मात्र अर्जेंटिनात, मादागास्करमध्ये आणि भारतात सापडतात, कारण हे सारे भूभाग एकेकाळी गोंडवन या एकाच खंडात जोडलेले होते. भारत मादागास्करपासून सुटला तो सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी, आणि जबलपूरच्या त्या कवटीच्या तुकड्यांत त्या जुन्या सोयरिकीची खूण शिल्लक आहे. ‘भारतातला टी-रेक्स’ म्हटले की मुलाच्या मनात अमेरिका येते आणि गोंडवनाची गोष्ट सांगायची राहून जाते.

येथे कोल्हापुरात मुलांना हे समजावणे आणखी अवघड आहे. आमच्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे आणि पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा, त्यामुळे डायनासोरची हाडे येथे मिळण्यासारखी नाहीत. तरी माझे विद्यार्थी घाटातून गोल दगड आणून ‘सर, अंडं!’ म्हणत टेबलावर ठेवायचे. कांद्यासारखी पापुद्र्यांनी सुटणारी ती झिजलेल्या काळ्या दगडाची गाठ असायची. पण मुलांना निराश कशाला करायचे? मग मी त्यांना महाराष्ट्रातल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची गोष्ट सांगत असे. तेथील डायनासोरच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

तुकड्यावरून पूर्ण वस्तू ओळखणे कोल्हापूरकरांना परके नाही. आमच्या कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये जुन्या वस्तीचे उत्खनन झाले, हे येथे अनेकांना ठाऊक आहे. उत्खननात मडक्याच्या काठाचा बोटभर तुकडा मिळाला तरी त्याच्या वळणावरून तोंडाचा घेर काढता येतो. फुटके मडके जोडताना, न मिळालेला भाग साध्या प्लास्टरने भरून तो तसाच वेगळा दिसू देण्याची चांगली पद्धत आहे, म्हणजे पाहणाऱ्याला जुने कोणते आणि नवे कोणते ते लगेच कळते. डायनासोरच्या शोधनिबंधांतही अशीच रीत दिसते. प्राण्याची काळी बाह्याकृती काढतात आणि सापडलेली हाडे तेवढी तिच्यात पांढरी दाखवतात. कवटीचा एवढासा पांढरा तुकडा आणि बाकी सगळा काळोख, असे इंडोसुकसचे चित्र पाहून मुले कंटाळतील असे कोणाला वाटेल. माझा अनुभव उलट आहे. ‘मग उरलेलं कुठंय, सर?’ हा प्रश्न पूर्ण रंगवलेल्या चित्रावर मला कधीच कोणी विचारला नाही.

म्हणून आपणास विनंती आहे की, पुढच्या एखाद्या रविवारी बालपुरवणीत कुळाची दुरुस्ती छापावी आणि सोबत असे काळे-पांढरे चित्र द्यावे. चौकट लहान असली तरी चालेल. शेजारच्या मुलीच्या वहीत, जुन्या चित्राच्या समोरच्या पानावर, मी ते तिच्याकडून चिकटवून घेईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
कोल्हापूर