बाबांचा कुलवृत्तांत वाचता आला, तो तुझ्यामुळे

वरच्या मजल्यावरच्या लेकी,

नाव घालू नका म्हणालीस, म्हणून घालत नाही. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. जिन्यात गाठलं की "मावशी, पुरे आता" म्हणत तू पळ काढतेस.

बाबा गेल्यापासून त्यांचा संगणक रामबागेतल्या आमच्या घरात जुन्या चादरीखाली तसाच होता. निवृत्तीनंतर ते त्यावर टायपिंग शिकले आणि रोज दुपारी दोन बोटांनी घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला बसायचे. दिवाळीच्या आवराआवरीत मी तो सुरू केला, तर निळा पडदा आला आणि पुढे काही हलेना. दुकानात नेला. "फॉरमॅट मारून देतो, डेटा गेला समजा," एवढंच उत्तर मिळालं. मशीन रिक्षात मांडीवर घेऊन परत आले.

तू आलीस आणि आधी म्हणालीस, "आता हा पुन्हा पुन्हा सुरू करू नका, डिस्कला त्रास होईल." घड्याळ २००२ साल दाखवतंय म्हणून मी घाबरले होते. ते मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपल्यामुळे, फायलींना त्याने काही होत नाही, हे तू समजावलंस. मग डबा उघडून ४० जीबीची हार्ड डिस्क काढलीस. तिची ती रुंद पट्टीची केबल आताच्या लॅपटॉपला कुठेच लागत नाही, म्हणून मित्राकडून अडॅप्टर आणलास, डिस्कला वेगळी वीज देणारा. आणि फायलींना हात लावण्याआधी सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घेतलीस. खराब जागा आली की ती अडायची, पुन्हा सरकायची. रात्रीचे साडेअकरा वाजले तरी तू उठली नाहीस. बाबांच्या फोल्डरला परवानगी नाही असं यायला लागलं, तेव्हा माझा चेहरा पाहून म्हणालीस, "मावशी, कुलूप आहे फक्त, सामान आत आहे."

सामान खरंच आत होतं. पण फाईल उघडली तर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं! मला रडूच फुटलं. तू शांतपणे जुन्या डिस्कवरचं फॉन्टचं फोल्डर शोधलंस, त्यातला 'शिवाजी' माझ्या लॅपटॉपवर टाकलास आणि त्याच ओळींवर तो लावलास. एका क्षणात समोर मराठी. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत, फॉन्ट नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात, हे मला तेव्हा कळलं.

पहिलं वाक्य आपण दोघींनी मोठ्याने वाचलं: "१८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, त्यामागोमाग आपले लोकही नर्मदाकाठ सोडून येथे आले." बाबा बोलायचे अगदी तसंच, 'आपले लोक'.

पुढे कधी फॉन्ट मिळाला नाही तर पुन्हा तेच होईल म्हणून तू सगळं युनिकोडमध्ये करून दिलंस. त्यात ऱ्हस्व इकार आणि रफार जागा सोडून बसले होते. परीक्षा तोंडावर असताना चार रविवार माझ्यासोबत बसून एकेक शब्द सरळ केलास. 'वर्ष' दुरुस्त करून करून तुझे डोळे लाल झाले होते, ते मी पाहिलंय. एवढं कुणी परक्यासाठी करत नाही. तू मला परकी मानलंच नाहीस.

पैसे घेतले नाहीस, साटोऱ्यांचा डबा तेवढा घेतलास. पुण्याच्या आत्याला छापील प्रत पाठवली. तिने पानावर बोट ठेवून फोनवरच दोन नावं दुरुस्त करून सांगितली. तिसरं, तिच्या आजीचं माहेरचं नाव, बाबांनी रिकामं सोडलं होतं. ते तिने सांगितलं आणि मी लगेच लॅपटॉपवर भरलं.

रविवारी ये. नवं पान दाखवायचं आहे.

तुझी खालची मावशी
इंदूर