सूचना: रविवारच्या सफाईबद्दल

नमस्कार मंडळी, रविवारी सकाळी ७ ला भेटायचंय, हातमोजे आणि बंद बूट घालून या, चपला नकोत, गटाराच्या कडेला काचा असतात. यावेळी बारीक कचऱ्यावर भर द्यायचाय कारण मोठ्या पिशव्या कोणीही उचलतं पण सिगारेटची थोटकं फरशीच्या फटीत तशीच अडकून राहतात, आणि त्यांचा फिल्टर कापसासारखा दिसला तरी तो सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा म्हणजे प्लॅस्टिकच असतो, वर्षानुवर्षं कुजत नाही आणि जोराचा पाऊस आला की थेट नाल्यात जातो. चिमटे आणतोय, हाताने उचलू नका.

पालापाचोळा प्लीज कोणी जाळू नका!! झाडांच्या भोवती पसरायचा, ओल टिकते आणि त्याचंच खत होतं (फक्त खोडाला चिकटवून ढीग नको, साल कुजते). कुंड्यांखालच्या बशांमधलं पाणीपण ओतून टाका, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.

एस्टोनियात २००८ साली ५०,००० लोकांनी मिळून एका दिवसात देशभरातला कचरा उचलला होता, आपल्याला तर एकच गाव सांभाळायचंय. मागे आपण जो कोपरा साफ करून भिंत रंगवली ना, तिथे आता कोणी कचरा टाकत नाही, जाता येता बघा एकदा, खूप भारी वाटतं.

कचरा टाकणाऱ्यांचे फोटो मात्र ग्रुपवर नकोत, त्याने फक्त भांडणं होतात. येणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत नाव टाका, पिशव्या त्या हिशोबाने आणायच्यात.