सिस्टर मावशी, मनापासून आभार

प्रिय सिस्टर मावशी,

सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं गं" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून माझ्या घेरीमागचं खरं कारण शोधून दिल्याबद्दल हे पत्र, आणि तेही चारचौघांत वाचता येईल असं, कारण हे दुखणं माझ्या एकटीचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असतो. त्यातल्या कितीतरी जणी आपल्या ओळखीतल्या असतील, आणि घेरी आली की "अशक्तपणा आहे, खात जा जरा" एवढंच ऐकत असतील.

माझ्या दुखण्याला हेच नाव मिळालेलं होतं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट (या आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसली होती, डायनोजेस्ट या हार्मोनची गोळी सुरू होती. पण मधूनच हात थरथरायचे, कपाळावर गार घाम यायचा, छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, त्याचं काय? एका दवाखान्यात ते टेन्शन ठरलं. घरी सगळं पाळीच्याच खात्यावर जमा व्हायचं. तुम्ही मात्र जिन्यात मला खाली बसवलंत आणि विचारलंत, हे जेवणाआधी होतं की नंतर? पाळीतच की एरवीही? काही खाल्लं की किती वेळात उतरतं? इतकं नेमकं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

मग काकांचा ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातली साखर मोजायचं यंत्र, माझ्या हातात दिलात. "त्रास होत असेल तेव्हाच मोजायचं. नंतर मोजून काय कळणार? तोवर शरीर सावरलेलं असतं." हात आधी धुऊन कोरडे करायचे, कारण बोटाला गोडाचा अंश राहिला तर आकडा चुकीचा येतो. सुई बोटाच्या कडेला टोचायची, मधोमध नाही. आकडा, वेळ, आधी काय खाल्लं होतं आणि पोटात दुखत होतं का, हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचं.

त्या चौकटींनीच सगळं उलगडलं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी घामाने चिंब होऊन तुमच्या सोफ्यावर पडले होते. मला वाटलं साखरच उतरली. मीटरवर आले ९६. तुम्ही म्हणालात, "हा घाम दुखण्याचा आहे. आज साखर खाऊन उपयोग नाही. दोन घास खा, मग दुखण्यावरची गोळी घे, आणि पोट शेक." त्यानंतर एकदा पाळी नसताना, सकाळी नुसता शिरा आणि चहा घेऊन ऑफिसला गेले, आणि अकराच्या सुमारास तसाच घाम, तशीच थरथर. आकडा ५६. ग्लुकोज घेतलं आणि पाव तासात हात स्थिर झाले. बाहेरून अगदी सारखे दिसणारे हे दोन त्रास तुम्ही वेगळे करून दाखवलेत, मावशी. माझ्यासाठी सगळ्यात मोठं काम ते होतं.

कॅलेंडरची पानं घेऊन डॉक्टरांकडे जायलाही तुम्हीच लावलंत. मीटर खालच्या आकड्यांना तितका भरवशाचा नसतो, लॅबमध्ये शिरेतलं रक्त तपासायला हवं, हेही तुमचंच सांगणं. डॉक्टरांनी जेवण देऊन पुढचे पाच तास थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं. तिसऱ्या तासाला साखर ५१ होती. जेवणानंतर साखर उतरण्याचा प्रकार आहे, असं निदान झालं. एंडोमेट्रिओसिसमुळे थेट साखर उतरते असं ते म्हणाले नाहीत. पण दुखण्याच्या दिवसांत मळमळीने पोट रिकामं राहायचं आणि मग मी रिकाम्या पोटी गोड चहा-बिस्किटं खायचे, तिथे दोन्हींची गाठ पडत होती.

आता सकाळी चहाआधी अंडं किंवा मुगाचं धिरडं असतं. दर तीन तासांनी थोडं काहीतरी पोटात जातं. चतुर्थीला साबुदाण्याऐवजी दाणे, दही, राजगिरा; सासूबाईंना तुम्ही समजावलंत म्हणून ते घरात निभलं, माझ्या सांगण्याने निभलं नसतं. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी आणि चिक्की असते, आणि क्रमही पाठ आहे: आकडा ७०च्या खाली आणि त्रास होत असेल तर आधी तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, सावरल्यावर चिक्की. आधी चॉकलेट नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. ऑफिसमधल्या मैत्रिणीलाही हे शिकवून ठेवलंय, आणि मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं, हेही.

पुढच्या महिन्यात सिस्टची लॅपरोस्कोपी (दुर्बिणीतून शस्त्रक्रिया) ठरली आहे. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचंय, याची मला धास्ती होती. तुम्ही म्हणालात तसं भूलतज्ज्ञांना आधीच भेटून कॅलेंडरची पानं दाखवली. त्यांनी सकाळची पहिली वेळ दिली आहे, आणि साखर मोजत राहू, लागलं तर सलाइनमधून ग्लुकोज देऊ, असं सांगितलंय. त्या सकाळी आईबरोबर तुम्हीही याल ना?

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक