श्वानपथकातील जुलाब आणि मेट्रोनिडाझोलची सवय

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणेशोत्सव, नवरात्र, निवडणुका असे बंदोबस्त लागोपाठ आले की बॉम्बशोधक व नाशक पथकातल्या कुत्र्यांना रोज नवी जागा, नवे पाणी आणि गर्दीत तासन्‌तास काम असते. नेमके याच दिवसांत त्यांना जुलाब लागतात. मग अनेक ठिकाणी ठरलेला उपाय होतो: मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या. दोन-तीन दिवसांत शौच बांधून होते आणि कुत्रा पुन्हा तपासणीला उभा राहतो. ही सवय मोडायला हवी, कारण प्रश्न फक्त पोटाचा नाही. या औषधाने स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्याचे नाक अधू होऊ शकते.

अमेरिकेत याची रीतसर चाचणी झाली असून तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्फोटके शोधण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या १८ कुत्र्यांना किलोमागे २५ मिलिग्रॅम मेट्रोनिडाझोल दिवसातून दोनदा, १० दिवस दिले गेले. १८ पैकी ९ कुत्र्यांची तीनपैकी किमान एक स्फोटक ओळखण्याची क्षमता घटली. डॉक्सिसायक्लिन हे दुसरे प्रतिजैविक दिल्यावर असे झाले नाही. मेट्रोनिडाझोलची ती मात्रा वरच्या टोकाची होती, हे खरे. पण कुत्रा दिसायला ठणठणीत, खातोपितो, शेपूट हलवतो आणि मंडपाखालची पिशवी मात्र त्याच्या नाकातून सुटते, हा धोका कोणत्याही पथकाने पत्करू नये. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने स्फोटके हुडकून किती जीव वाचवले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. ते काम शेवटी नाकाचेच होते.

आता पोटाकडे. कुत्र्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू अन्नातला न पचलेला तंतू आंबवून त्यापासून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन तेच. दुसरे काम क्लोस्ट्रिडियम हिरानोनिस नावाचा जिवाणू करतो. यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे तो दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतो आणि ही दुय्यम पित्ताम्ले ई. कोलाय, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स यांसारख्या जिवाणूंना आटोक्यात ठेवतात. मेट्रोनिडाझोलचा घाव बसतो तो नेमका या उपयोगी, प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंवर. निरोगी कुत्र्यांना १४ दिवस हे औषध देऊन पाहिले, तेव्हा बंद केल्यानंतर चार आठवड्यांनीही आतड्यातली घडी पूर्ण बसलेली नव्हती. म्हणजे आजचा जुलाब थांबतो, पण पुढच्या जुलाबाची वाट मोकळी होते. माणसांचे निष्कर्ष उचलून कुत्र्याला लावणेही चुकीचे आहे. फ्युसोबॅक्टेरियम हा जिवाणू माणसाच्या आतड्यात आजाराशी जोडला जातो. निरोगी कुत्र्यात तो भरपूर असतो आणि जुलाबात उलट कमी होतो.

मुळात जुलाब कशाने झाला हे बघितले पाहिजे. वारंवार, थोडे थोडे, कुंथून होणारे शौच, त्यात शेंबडासारखा आव आणि एखादी ताज्या रक्ताची रेघ असेल, तर दोष बहुधा मोठ्या आतड्यात असतो. प्रवास, अनोळखी कोंडवाडा आणि कामाचा ताण यांमुळे होणारा जुलाब बहुतेक असाच असतो. शौच मोजक्या वेळा पण ढीगभर, पातळ आणि वजन उतरत असेल, तर लहान आतडे, जंत, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) यांचा शोध घ्यावा लागतो. जिआर्डियासाठी एकच नमुना पुरत नाही. एक दिवसाआड असे तीन नमुने तपासावेत. तो सापडला तरी मेट्रोनिडाझोलआधी फेनबेंडाझोल हे जंतनाशक वापरावे: किलोमागे ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पाच दिवस. सोबत शेपटीखालचा भाग धुणे आणि कोंडवाड्याची फरशी धुऊन पूर्ण कोरडी करणे आवश्यक आहे, नाहीतर तोच कुत्रा स्वतःला चाटून पुन्हा बाधित होतो.

कित्येकदा कारण ताटातच असते. कोरडे खाद्य वाडग्याने मोजून घातले की हटकून जास्त पडते. न पचलेले अन्न मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि शौच पातळ होते. म्हणून खाद्य काट्यावर तोलावे. ३० किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत दिवसाला सुमारे ९०० किलोकॅलरी लागतात, कामाच्या दिवसांत दीडपट ते दुप्पट. दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्ताला जाताना नेहमीचेच खाद्य बरोबर न्यावे. खाद्य बदलायचेच असेल, तर सात दिवस घ्यावेत: आधी पाव भाग नवे, मग अर्धे, मग पाऊण. दूध आणि ग्लुकोज बिस्किटे बंद. वयात आलेल्या कुत्र्याला दुधातली साखर नीट पचत नाही. मंडपातला प्रसाद प्रेमाने दिला जातो, पण मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि चॉकलेट मोदक तर त्याला विषच. मंडळांनी एवढे जरी लक्षात ठेवले, तरी मोठे काम होईल.

साध्या जुलाबात, कुत्रा तरतरीत असेल तर, २४ तास उपाशी ठेवण्याची जुनी रीत सोडावी. अस्तराच्या पेशींना अन्न हवेच असते. मऊ भात दोन भाग आणि कातडी काढून उकडलेले कोंबडीचे मांस एक भाग, मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. पाणी सतत समोर असावे.

मोठ्या आतड्याच्या जुलाबावर इसबगोलाची भुशी उत्तम. पोर्तुगालमध्ये दीर्घकाळ असा जुलाब असलेल्या पोलीस कुत्र्यांना महिनाभर इसबगोल दिला, तेव्हा बहुतेकांना चांगला गुण आला. आपल्याकडे तर तो शेजारच्या गुजरातेतच पिकतो. ३० किलोच्या कुत्र्याला एका चहाच्या चमच्याने सुरुवात करावी आणि शौच पाहत आठवड्याभरात दिवसाला १५ ग्रॅमपर्यंत जावे. चमचाभर भुशी अर्धा कप कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावी, लापशीसारखी फुगली की खाद्यात कालवावी. कोरडी भुशी खाद्यावर भुरभुरली, तर ती घशात फुगते किंवा पुढे बद्धकोष्ठ करते. चवीची, ‘शुगर-फ्री’ पाकिटे टाळावीत, कारण त्यांत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्याला घातक आहे. दह्याबद्दल नेहमी विचारले जाते. दोन चमचे ताजे दही बाधत नाही, पण त्यातले जिवाणू कुत्र्याच्या आतड्यात वस्ती करत नाहीत. ते औषध नव्हे.

प्रतिजैविके कधीच देऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. युरोपातील पशुवैद्यकांच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार सौम्य व मध्यम तीव्र जुलाबात, रक्त असले तरी, ती देऊ नयेत. कुत्रा मलूल, ताप, हिरड्या फिक्या किंवा गडद लाल, सलाइन देऊनही नाडी सुधारत नाही, अशी रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणे असतील तरच द्यावीत. इथे एक गोष्ट हँडलरनी, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्या पोलिसांनी, ध्यानात ठेवावी. काम करून आलेल्या कुत्र्याचे तापमान सहज १०४ फॅरेनहाइटच्या पुढे जाते. सावलीत अर्धा तास विसावल्यावर मोजलेले तापमानच धरावे. १०३ च्या वर असेल, उलट्या होत असतील किंवा जुलाब ४८ तासांत आवरला नाही, तर पशुवैद्यकाकडे न्यावे. उन्हात काम केल्यानंतर रक्ती जुलाब झाला, तर क्षणाचाही विलंब नको. उष्माघातात रक्तपुरवठा त्वचेकडे वळतो, आतड्याचे अस्तर उघडे पडते आणि जिवाणू रक्तात शिरतात. अशा कुत्र्याला आधी पाण्याने गार करावे, मग गाडीत घालावे.

गृह विभागाकडे आमची मागणी खर्चाची नाही. प्रत्येक कुत्र्याच्या नोंदवहीत रोजच्या शौचाला १ ते ७ असा अंक द्यावा. १ म्हणजे कडक गोळ्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी, २-३ उत्तम. सलग दोन दिवस ५ किंवा त्याहून वर अंक आला की पशुवैद्यकाला कळवावे. पशुवैद्यकाच्या लेखी सल्ल्याशिवाय मेट्रोनिडाझोल देऊ नये. ते द्यावेच लागले, तर पहिल्या व शेवटच्या मात्रेची तारीख त्याच वहीत लाल शाईने लिहावी. नंतर प्रशिक्षणातले सर्व स्फोटक नमुने त्याने पुन्हा अचूक ओळखल्याची नोंद होईपर्यंत तो कुत्रा तपासणीच्या यादीत घेऊ नये, आणि बंदोबस्ताचे वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याने सही करण्याआधी ही नोंद पाहावी.

आपले,
श्वानांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक, पुणे