डांडिया बाजारातल्या रेडिओवाल्या काकांना

काका, नमस्कार.

हे सगळ्यांसमोर लिहितेय कारण समोर बसून थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "चहा घेणार का" म्हणता आणि माझं राहूनच जातं. सूनबाई वाचून दाखवतीलच.

मी कॅन्सरवर काम करते एवढं तुम्हाला माहितीये, पण नक्की काय ते मी कधी धड सांगितलंच नाही. मी पेशंट तपासत नाही. पेशीत एक प्रोटीन दुसऱ्याला चालू करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटचं मागे येऊन पहिल्याला आवरतं, हे सगळं जाळं समीकरणांत मांडायचं, कॉम्प्युटरवर चालवायचं आणि बघायचं की औषधाने एका ठिकाणी अडवलं तर बाकीचं जाळं काय करेल. ह्याला सिस्टिम्स बायोलॉजी म्हणतात. तुमचंच काम आहे हे, फक्त माझ्या सर्किटचा डायग्राम कुणी छापून दिलेला नाही.

मी आठवीत होते तेव्हा गणपतीच्या आधी मंडळाचा अँप्लिफायर आला होता दुकानात, आवाज नुसता फाटत होता. मला वाटलं आवाज वाढवणारा पार्ट बिघडला असेल. तुम्ही म्हणालात, "तो चांगलाय गं, त्याला आवरणारा गेलाय." मग फीडबॅकचा रेझिस्टन्स बदललात आणि आवाज एकदम स्वच्छ. सोल्डरिंगचा तो वास अजून नाकात आहे माझ्या.

आणि अकरावी. ए ग्रुप म्हणजे मॅथ्स, बी म्हणजे बायो, दोन्ही हवं तर एबी. घरी सगळे म्हणत होते बी घे, डॉक्टर हो, मॅथ्सचं ओझं कशाला. तुम्ही बाबांना दुकानात बसवून सांगितलंत, पोरीला दोन्ही आवडतंय तर दोन्ही शिकू दे, मॅथ्सच्या ट्यूशनची फी मी भरतो. बाबांनी फी तुम्हाला भरू दिली नाही पण फॉर्म एबीचा भरला. तो फॉर्म नसता तर मी आज ह्या कामात नसते, हे मी अगदी विचार करून लिहितेय.

बीआरएएफ नावाचा एक जीन आहे, त्यात एक ठरावीक बिघाड झाला की पेशीला वाढायचा सिग्नल सतत जात राहतो. त्यावरचं व्हेम्युराफेनिब 2011 मध्ये अमेरिकेत मेलानोमासाठी, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरसाठी मंजूर झालं, साधारण निम्म्या पेशंट्सच्या गाठी चांगल्याच आकसल्या. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बिघाड तोच, औषध तेच, आणि फरक जवळजवळ शून्य! 2012 मध्ये कारण कळलं. त्याच लाइनमधून मागे ईजीएफआर नावाच्या प्रोटीनला आवरणारा सिग्नलही जात असतो, औषधाने लाइन बंद केली की तो लगाम सुटतो, ईजीएफआर जोरात चालू होतं आणि वाढीचा सिग्नल दुसऱ्या वाटेने परत सुरू. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर फार कमी असतं म्हणून तिथे हे होत नाही. मी ते वाचलं आणि मला थेट मंडळाचा अँप्लिफायर आठवला. पुढे 2020 मध्ये दोन्हीकडे एकदम अडवणारी जोडी, एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब, आतड्याच्या ह्या कॅन्सरच्या आधी उपचार झालेल्या पेशंट्ससाठी मंजूर झाली.

माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मॉडेल आणि प्रयोगाचे आकडे काही केल्या जुळेनात, विषय बदल असंही सांगून झालं होतं मला. रात्री तुम्हाला फोन केला, रडले. तुम्ही एवढंच विचारलंत, "मीटर कुठे लावतेस? टोकालाच ना? मधे मधे लावून बघ." पुढचे दोन महिने मी मधल्या तीन प्रोटीन्सची मोजणी केली, दर दहा मिनिटांनी, आणि सापडलं की मॉडेलच्या डायग्राममध्ये मागे जाणाऱ्या सिग्नलचा एक बाण मी दाखवलाच नव्हता. माझ्या थिसिसचं चौथं प्रकरण म्हणजे तो बाण.

काका, खूप खूप आभार. दुकान बंद केलंत असं आईकडून कळलं, मन भरून आलं. गणपतीत बडोद्याला येतेय. सध्याच्या मॉडेलचं मोठं प्रिंट घेऊन येईन, त्यात 38 प्रोटीन्स आहेत आणि एक जागा अजून मला पटत नाहीये. चष्मा जवळ ठेवा.