रिसेलच्या एजंटवर नियम कुणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत घर घेणाऱ्यासाठी भरपूर काही असतं, लोन कुठलं घ्यावं, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) कसा मोजावा, बिल्डरला काय काय विचारावं. पण जुना फ्लॅट विकायला, म्हणजे रिसेलला, काढलेल्या माणसाचं काय होतं यावर कुणी लिहिताना दिसत नाही, म्हणून हे पत्र. डोंबिवली काय, ठाणे काय, पुणे-नाशिक काय, तीस-पस्तीस वर्षांच्या सोसायट्यांमधले वन आणि टू बीएचके आता विकायला निघतायत, मुलं बाहेर गेली, आईवडलांना जिने चढवत नाहीत, बिल्डिंगला लिफ्ट नाही. विकणारे बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदाच घर विकत असतात आणि समोरचा एजंट रोज तेच काम करत असतो, त्यामुळे तो म्हणेल ते खरं मानण्याशिवाय आपल्याकडे पर्यायच उरत नाही.

आधी कायद्याचं सांगते. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आला तेव्हा सगळ्यांना वाटलं की चला, आता एजंटांनाही वेसण बसली. २०१६ चा कायदा, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, २०१७ पासून सुरू झालं, एजंटला रजिस्ट्रेशन कंपल्सरी, आणि २०२३ मध्ये तर ट्रेनिंग आणि परीक्षा पण आणली. चांगलंच केलं. पण त्या कायद्याचं कलम ९ नीट वाचलं की कळतं, हे रजिस्ट्रेशन लागतं ते रेरात नोंदवलेल्या आणि बिल्डर स्वतः विकत असलेल्या प्रोजेक्टपुरतं. १९९० च्या आसपास बांधलेल्या सोसायटीतला माझ्या आईचा फ्लॅट विकायचा तर मधल्या माणसाला ना रजिस्ट्रेशन लागत, ना परीक्षा, ना ऑफिस. एक मोबाईल आणि चार व्हॉट्सॲप ग्रुप असले की झालं. काहींच्या कार्डावर 'ए' ने सुरू होणारा महारेरा नंबर छापलेला असतो आणि तो बघून आपण निर्धास्त होतो, पण तो नवीन प्रोजेक्टच्या कामासाठी आहे, आपल्या रिसेलमध्ये काही बिघडलं तर त्या नंबरचा आपल्याला आधार नाही, हे कुणी सांगत नाही.

आता घर दाखवण्याचं. फ्लॅट विकायचा म्हणजे लोक बघायला येणार, त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही, साठ लाख घालणारा माणूस नळ सोडून बघणार, भिंतीला ओल आहे का म्हणून हात लावणार, फ्लश ओढून बघणार, बघावंच त्याने. त्रास होतो तो एजंटच्या पद्धतीचा. सकाळी अकराला येतो म्हणून दुपारी अडीचला येणार, ते पण न सांगता, खाली उभं राहून फोन, "काकू पार्टी आलीय, पाच मिनिटं फक्त". आई नुकती जेवून पडलेली. येणाऱ्यांत कधी दोघं असतात कधी सहा जण, पोरं पलंगावर चढतायत, कुणी किचन ट्रॉली उघडतंय, कुणी बाल्कनीत मोठ्याने फोनवर बोलतंय, आणि एजंट बेडरूममध्ये उभा राहून व्हिडिओ काढतोय, त्यात कपाट आलं, देव्हारा आला, आईच्या औषधांचा डबा आला. विचारलं तर म्हणतो गावच्या पार्टीला पाठवायचाय.

तो व्हिडिओ कुठे कुठे जातो ते आम्हाला योगायोगाने कळलं. माझ्या मैत्रिणीच्या मिस्टरांना एका प्रॉपर्टी ग्रुपवर फॉरवर्ड आला आणि तिने तो मला पाठवला. त्यात बिल्डिंगचं नाव, विंग, मजला, फ्लॅट नंबर, सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ आणि खाली लिहिलेलं, "ओनर सिनियर सिटिझन लेडी, दिवसा एकट्याच असतात, कधीही दाखवता येईल". माझी आई ७८ वर्षांची आहे. हा मेसेज शेकडो लोकांच्या ग्रुपवर फिरत होता आणि लिहिणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं, मी फोन केला तर तोच मला समजावायला लागला की मॅडम असं लिहिलं की कस्टमर लवकर येतो. मी तो मेसेज डिलीट करायला लावला, त्याच्या ग्रुपवरून गेला असेल, पण पुढे जिथे जिथे फॉरवर्ड झाला तिथून कोण काढणार? त्या दिवसापासून आईच्या दाराला सेफ्टी डोअरची कडी कायम आणि मी नाहीतर माझी वहिनी असल्याशिवाय कुणालाही घर दाखवायचं नाही असं आम्ही ठरवलं.

विचार करा, आपण भाडेकरू ठेवला तर पोलिसांना त्याची माहिती द्यावी लागते, फोटो, आधार, सगळं, नाही दिली तर मालकावर केस होते. आणि इथे रोज अनोळखी माणसं म्हाताऱ्या बाईच्या बेडरूमपर्यंत जातायत, त्यांना आणणाऱ्याचं पूर्ण नाव सुद्धा आपल्याला माहीत नसतं, मोबाईलमध्ये 'एजंट स्टेशन रोड' असं सेव्ह केलेलं असतं.

पैशांची गोष्ट वेगळीच. पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम नेट किती पाहिजे ते सांगा, वरचं आमचं". ऐकायला सोपं वाटतं पण याचा अर्थ असा की आपल्याला पंचावन्न हवे असतील तर तो समोरच्याला साठ सांगणार, वरचे पाच खिशात घालायला बघणार आणि शिवाय दोन्हीकडून ब्रोकरेज पण मागणार. त्यातून एकच फ्लॅट चार एजंटकडे चार भावांनी फिरतो, बघणाऱ्याला वाटतं मालकच लबाड आहे. आमच्या दारात एका जोडप्याचं आणि एजंटचं भांडण झालं कारण जाहिरातीत साडेआठशे स्क्वेअर फूट टाकलेलं आणि कार्पेट भरतो ५४० च्या आसपास, ते बिचारे बोरिवलीहून रविवारी लहान बाळाला घेऊन आले होते, त्यांची चूक काय? तो आकडा आम्ही कधी सांगितलाच नव्हता. काही वेळा तर पार्टी आपला फ्लॅट घेणारी नसतेच, मागच्या गल्लीतला दुसरा फ्लॅट विकायचा असतो आणि तो स्वस्त वाटावा म्हणून आपला आधी चढ्या भावात दाखवतात. हे मला एका एजंटनेच सांगितलं.

आणि कॅश. "थोडं ब्लॅक घ्या, ॲग्रीमेंटला कमी दाखवू, दोघांचा फायदा". इथे वाचकांनी खरंच सावध राहा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१५ पासून बंदी आहे, सापडलं तर जेवढी रोख घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे विकणाऱ्याला बसतो. सल्ला देणारा एजंट तेव्हा कुठेच नसतो. ५० लाख किंवा त्याच्या वरच्या व्यवहारात घर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस, म्हणजे इन्कम टॅक्स, आधीच कापून भरायचा असतो, ही इतकी साधी गोष्ट सुद्धा आमच्याकडे आलेल्या कितीतरी एजंटना नीट सांगता आली नाही. ब्रोकरेज मात्र २ टक्के पाठ, साठ लाखांवर १ लाख २० हजार, जीएसटी लावणारा असेल तर वर १८ टक्के.

सगळे असे असतात असं मला म्हणायचं नाही. आमचं घर शेवटी ज्यांच्याकडून विकलं गेलं ते गृहस्थ आमच्याच भागातले, खूप वर्षं हेच काम करणारे. त्यांनी आल्या आल्या घर बघितलंच नाही, आधी कागद मागितले, बिल्डरचं मूळ ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), ओसी (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) आहे का, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, सोसायटीचा मेंटेनन्स क्लिअर आहे का. कल्याण-डोंबिवलीत ६५ बेकायदा इमारतींनी महापालिकेच्या खोट्या परवानग्यांवर रेरा नंबर मिळवल्याचं प्रकरण झालं आणि हायकोर्टाने २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितलं, तेव्हापासून इकडचा प्रत्येक गिऱ्हाईक कागद आधी बघतो आणि बघायलाच पाहिजे, त्यामुळे कागद तयार ठेवून द्या म्हणाले. माणसं मोजकी आणली, आदल्या दिवशी फोन, कोण येतंय, कुठे नोकरीला, बँकेचं लोन सँक्शन आहे की नाही सगळं आधी सांगायचे. स्वतः चपला बाहेर काढायचे आणि पार्टीलाही काढायला लावायचे. रजिस्ट्रेशन झाल्यावरही सोसायटीत ट्रान्सफर होईपर्यंत आणि लाइटच्या मीटरवर नाव बदलेपर्यंत येत राहिले. त्यांची फी आम्ही आनंदाने दिली. असं काम करणाऱ्या माणसाला आणि तो मेसेज फिरवणाऱ्याला कायद्याच्या लेखी काही फरकच नाही याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण नुकसान आपल्यासारखंच त्यांचंही होतं.

माझा मावसभाऊ दुबईत असतो. तिथे फ्लॅट विकायचा तर मालक आणि ब्रोकरमध्ये आधी ठरलेल्या नमुन्याचा करार होतो, 'फॉर्म ए' म्हणतात त्याला, आणि जाहिरात करायला सुद्धा सरकारची परवानगी लागते, ब्रोकरकडे स्वतःच्या नंबरचं कार्ड असतं. आपले कितीतरी मराठी लोक तिकडे याच धंद्यात आहेत आणि सगळं नियमाने करतात, मग इथे का जमू नये? कलम ९ मध्ये रिसेलचे एजंट आले पाहिजेत, आमच्या आमदार-खासदारांनी ही मागणी लावून धरावी, प्रत्येक निवडणुकीत डोंबिवलीकरांच्या घरांबद्दल बोलतात ना.

तोपर्यंत सोसायट्या बरंच करू शकतात. जनरल बॉडीत एक ठराव करायचा, की फ्लॅट दाखवायला येणाऱ्या एजंटने गेटवर नाव, पत्ता, फोटो आयडी दाखवून नोंद करायची, आणि मालकाने वॉचमनला आधी फोन केला असेल तरच वर सोडायचं. आमच्या सोसायटीत आता हे सुरू झालंय, पहिल्या आठवड्यात एजंटांनी कुरकुर केली, आता गपचूप सही करतात. आणि विकणाऱ्यांनी एजंटकडून एका कागदावर लिहून घ्या, ब्रोकरेज किती आणि कधी (टोकनला नाही, रजिस्ट्रेशन झाल्यावर), भाव काय सांगायचा, फोटो-व्हिडिओ विचारल्याशिवाय नाहीत, फ्लॅट नंबर ग्रुपवर टाकायचा नाही. चावी कुणालाही देऊन ठेवू नका. कागदावर सही करायला जो टाळाटाळ करतो त्याला घर दाखवूच नका, दुसरा मिळतो.

एक विनंती तुमच्याकडेही आहे. तुमच्या छोट्या जाहिरातींत एजंटांच्या जाहिराती रोज असतात, नुसता मोबाईल नंबर आणि "अर्जंट सेल". जाहिरात घेताना एजंटचं पूर्ण नाव आणि पत्ता छापायची अट घाला, कार्पेट एरियाच छापा, आणि घरमालकाचं संमतीपत्र मागा. तुमच्या पेपरने हे सुरू केलं तर बाकीचे पेपर आणि पोर्टलवालेही विचार करतील असं मला वाटतं.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली पूर्व